जीपचा गिअरबॉक्स बदलताना



जांबोटी-कणकुंबीच्या भागातील पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे निराळे वर्णन सांगण्याची आवश्यकता नाही. अशाच एका पावसाळी सकाळी आमच्या काकांची जुनी जीप भाताची पोती घेऊन चोर्ला घाट उतरत गोव्यातील केरीकडे निघाली होती. मी काकांच्या शेजारी बसलो होतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये संथपणे उतरत होती. एका वळणावर 'खट्' असा आवाज झाला आणि गिअरचा दांडा, कोणी हात लावलेला नसताना, आपोआप न्यूट्रलवर आला. इंजिनाचा घोगरा आवाज एकदम हलका झाला आणि गाडी वेग घेऊ लागली.

काकांनी ब्रेक दाबला. परंतु पाण्यात भिजलेले ब्रेक लगेच धरीनात. दांडा पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये घालण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो साधला नाही. अखेर त्यांनी गाडी डोंगराच्या कडेच्या चरात घातली आणि ती थांबली. कोणाला इजा झाली नाही. काकांनी कपाळावरचा घाम पुसला व एवढेच म्हणाले, "गिअरबॉक्स संपला, बाळ. आता तो बदलल्याशिवाय घाट उतरायचा नाही."

गिअरबॉक्स म्हणजे काय, तो का झिजतो आणि तो बदलताना आम्ही काय केले, याची हकीकत या लेखात सांगावयाची आहे. परंतु तिच्यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट मला त्या दोन दिवसांत शिकावयास मिळाली, ती ओघाने येईलच.

जीप आणि तिची चक्रे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या दोन कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर हीच गाडी थोड्या फेरफाराने शेतीच्या व प्रवासाच्या कामी येऊ लागली. आपल्या देशात १९४७ साली मुंबईच्या महिंद्र कंपनीने जीपच्या जुळणीचे काम हाती घेतले. पुढे १९५३ मध्ये सी. जे. ३ बी या नावाची, उंच बॉनेटची जीप निघाली. ती भारतात इतकी रुळली की, अजूनही डोंगराळ भागात कोठे कोठे तिचे दर्शन घडते. आमच्या काकांची जीप याच जातीची आहे.

या जीपला तीन पुढचे व एक मागचा असे गिअर असतात. त्यांचे कार्य साध्या त्रैराशिकाने समजते. वीस दात्यांचे चाक चाळीस दात्यांच्या चाकाला फिरवू लागले, तर लहान चाकाच्या दोन फेऱ्यांत मोठ्याची एक फेरी होते. वेग निम्मा होतो, परंतु फिरविण्याचा जोर सुमारे दुप्पट होतो. वेग देऊन जोर घ्यावयाचा, किंवा जोर देऊन वेग घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

काकांच्या जीपमधील टी-९० नावाच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण २.७९८ आहे. म्हणजे इंजिनाच्या जवळजवळ २.८ फेऱ्या झाल्या की, मागून निघणाऱ्या शाफ्टाची एक फेरी होते. दुसऱ्या गिअरचे प्रमाण १.५५१ आणि तिसऱ्याचे १ आहे. त्याच्या पाठीमागे ट्रान्सफर केस नावाचा दुसरा डबा जोडलेला असतो. पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना शक्ती वाटून देणे हे त्याचे काम होय. त्यातही एक हलकी चाल असून तिचे प्रमाण २.४६ आहे. शेवटी आसातील चक्रांचे प्रमाण ५.३८ असते.

आता गुणाकार करून पाहा. पहिला गिअर व हलकी चाल घातली असता २.७९८ × २.४६ × ५.३८ म्हणजे सुमारे ३७. इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हाच आकडा केवळ ५.३८ असतो. म्हणजे चिखलात रुतलेल्या जीपच्या चाकांना सपाटीवरच्या मानाने जवळजवळ सातपट जोर मिळू शकतो. एवढा जोर एकट्या मागच्या आसावर पडून तो मोडू नये, म्हणून पुढची चाके जोडल्याखेरीज हलकी चाल पडणारच नाही, अशी अडकण आतच करून ठेवलेली आहे.

उतारावर मात हाच व्यवहार उलटा होतो. तेथे इंजिन चाकांना फिरवीत नाही, तर चाकेच इंजिनाला फिरवितात. दट्ट्यांना हवा ओढावयास व घर्षणावर मात करावयास जी शक्ती लागते, ती गाडीच्या वेगातून खर्च होते आणि गाडी आवरलेली राहते. यासाठीच जाणते चालक घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात व ब्रेकांवर सारा भार टाकीत नाहीत. सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकांची पकड कमी होते. गिअर सुटला म्हणजे गाडीचा हा दुसरा लगामच तुटला असे समजावे.

गिअर आपोआप का सुटतो?

दुसऱ्या व तिसऱ्या गिअरची दातेरी चाके या डब्यात नेहमीच एकमेकांत अडकलेली असतात. दांडा हलविला म्हणजे एक कडे सरकते आणि हव्या त्या चाकाला शाफ्टाशी बांधून टाकते. बांधण्यापूर्वी एक पितळी कंकण दोहोंचा वेग घासून सारखा करते, म्हणून गिअर आवाज न करता पडतो. पहिल्या गिअरला मात्र ही सोय नाही. त्याचे चाकच सरकून दुसऱ्या चाकात शिरते, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावरच तो घालावा. चालत्या गाडीत तो कर्र असा आवाज करीत घुसविला की, दर वेळी दात्यांच्या कडा थोड्या थोड्या उडतात.

सरकलेले कडे जागेवर राहावे म्हणून वरच्या झाकणात स्प्रिंगने दाबलेली एक लहान पोलादी गोळी असते. ती शिफ्टच्या दांडीवरील खाचेत बसते. परंतु खरा आधार दात्यांच्या सरळ भिंतींचा असतो. या भिंती झिजून उतरत्या झाल्या, किंवा बेअरिंगे सैल होऊन शाफ्ट तिरपा चालू लागला, म्हणजे जोर पडताच दाते एकमेकांना बाजूला ढकलतात. बिचारी गोळी त्या जोरापुढे टिकाव धरू शकत नाही आणि गिअर सुटतो.

निदान

दुसऱ्या दिवशी काकांनी बेळगावच्या एका वृद्ध मेस्त्रींना घरी आणले. आमची समजूत अशी की, ते येताच गिअरबॉक्स उतरवू लागतील. त्यांनी तसे काहीच केले नाही. त्यांनी प्रथम विचारले, "गिअर सुटतो तो पाय दाबताना की सोडताना?" काका म्हणाले, "सोडताना. उतारावरच." मेस्त्रींनी बेल हाउसिंगचे बोल्ट सैल आहेत काय ते पाहिले, इंजिनाची रबरे पाहिली. मग ते गाडीखाली सरपटत शिरले आणि त्यांनी दोन्ही डब्यांची तेल पाहण्याची बुचे उघडली.

ट्रान्सफर केसचे बूच सैल होताच तेलाची धार लागली. गिअरबॉक्सच्या बुचातून मात्र एक थेंबही आला नाही. मेस्त्रींनी करंगळी आत घालून वाकडी केली, ती कोरडीच बाहेर आली. ते म्हणाले, "एका घरात महापूर, शेजारच्या घरात दुष्काळ. मधली भिंत पाहायला हवी."

काकांचा चेहरा उतरला. आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी तेल पाहत असू ही गोष्ट खरी, पण केवळ मागच्या डब्याचे. ते बूच हाताला सोपे होते. तेल काठोकाठ दिसले की, आम्ही समाधानाने उठत असू. दोन्ही डब्यांच्या मधून मुख्य शाफ्ट आरपार जातो आणि तेथे तेल अडविण्यासाठी एक सील बसविलेले असते. ते सील कडक होऊन चिरले होते. पुढच्या डब्यातले तेल गुपचूप मागे जाऊन साठत होते. ज्याला आम्ही भरपूर तेल समजत होतो, तेच रोगाचे लक्षण होते.

काम

बेळगावच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक गिअरबॉक्स मिळाला. मेस्त्रींनी तो डोळे मिटून घेतला नाही. बाहेरून सारखे दिसणारे डबे आतून सारखे असतीलच असे नाही. निरनिराळ्या इंजिनांसाठी पुढच्या शाफ्टाची लांबी निराळी असू शकते. म्हणून त्यांनी ती लांबी व तिच्यावरील खाचा आमच्या गाडीच्या मापाशी ताडून पाहिल्या, वरचे झाकण काढून प्रत्येक दाता उजेडात न्याहाळला, शाफ्ट हाताने फिरवून व हलवून पाहिला, आणि मगच पैसे द्यावयास सांगितले.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. मी म्हणालो, "हँडब्रेक ओढलेला आहे की." मेस्त्री हसले. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला, प्रॉपेलर शाफ्टाच्या तोंडाशी असतो. तो शाफ्ट सोडविला की, हँडब्रेक कितीही घट्ट ओढलेला असो, चाके मोकळीच. हे ज्याला ठाऊक नाही तो गाडीखाली झोपला असता गाडी त्याच्या अंगावरून जाऊ शकते. त्याचप्रमाणे केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली त्यांनी कोणाला जाऊ दिले नाही. चौकटीखाली भक्कम लोखंडी घोडे लावले, तेव्हाच काम सुरू झाले.

बॅटरीची तार काढली. दोन्ही डब्यांतील तेल निराळ्या भांड्यांत उतरविले. गिअरबॉक्समधून जे थोडेसे निघाले ते उन्हात धरताच त्यात सोनेरी कण चमकले. पितळी कंकणांचा तो भुगा होता. त्यानंतर पायाखालचा पत्रा, गिअरचे दांडे, पुढचा व मागचा प्रॉपेलर शाफ्ट, वेगमापकाची तार व क्लचचे सांधे क्रमाने सोडविले. शाफ्टांच्या जोडावर खुणा केल्या, कारण ते होते तसेच परत बसावयास हवेत. प्रत्येक बोल्ट निराळ्या डब्यात टाकून त्यावर चिठ्ठी चिकटविण्याचे काम माझ्याकडे होते.

इंजिनाची मागची बाजू गिअरबॉक्सच्याच आधाराने चौकटीच्या आडव्या पट्टीवर टेकलेली असते. पट्टी काढली तर इंजिन मागे झुकेल, हे ध्यानात घेऊन प्रथम त्याच्या खाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा टेकू दिला. मग बेल हाउसिंगजवळचे बोल्ट काढून दोन्ही डबे एकत्रच सरळ रेषेत मागे ओढून खाली घेतले. अर्धवट निघालेल्या डब्याचा भार क्लचच्या तबकडीवर लोंबकळू दिला तर ती वाकते. म्हणून हे काम तिघांनी व घाई न करता केले.

पुढे दोन डबे एकमेकांपासून वेगळे करावयाचे होते. ट्रान्सफर केसच्या मागचे झाकण काढून शाफ्टावरचे नट व दातेरी चाक काढले. येथे मेस्त्रींनी एक चमत्कारिक गोष्ट केली. गिअरबॉक्सचे वरचे झाकण काढून त्यांनी मुख्य शाफ्टाला, दुसऱ्या गिअरच्या चाकामागे, तारेचा फास घातला आणि तार घट्ट ओढून पुढच्या एका स्क्रूला बांधली. मी कारण विचारले. ते म्हणाले, "मागचा डबा ओढताना शाफ्टही मागे येऊ पाहतो. तो निसटला तर कंकणे, कळा, स्प्रिंगा सारे डब्याच्या तळाशी पडेल आणि तासाभराचे काम दिवसाचे होईल." हीच युक्ती या जीपच्या मूळ दुरुस्ती-पुस्तकातही सांगितलेली आहे, हे मी नंतर वाचले.

जुना डबा उघडून आम्ही टेबलावर मांडला. दुसऱ्या गिअरच्या बांधणीचे दाते गोलसर झाले होते. खालच्या शाफ्टाच्या सुयांसारख्या बेअरिंगांवर खड्डे पडले होते. काका बराच वेळ ते हातात घेऊन पाहत होते.

आता नवा डबा चढवावा, असे आम्हांला वाटले. मेस्त्री म्हणाले, "थांबा. याला मारले कोणी ते आधी पुरे पाहू." मधले सील तर नवे घेतलेच, पण ते ज्या पृष्ठावर घासते तेथे चर पडला आहे काय, हेही नखाने तपासले. चर असेल तर नवे सीलही गळते. मग फ्लायव्हीलच्या मध्यभागी गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टाचे टोक ज्या पायलट बुशमध्ये फिरते ते पाहिले. ते लांबट झिजलेले होते. म्हणजे शाफ्टाचे टोक डोलत होते आणि दात्यांवर तिरपा भार पडत होता. तेल नसल्यामुळे डबा झिजला, बुशामुळे झीज वाढली, आणि दोन्ही कारणे डब्याच्या बाहेर होती. ती तशीच ठेवून गिअरबॉक्स बदलला असता तर काही वर्षांत तोही त्याच वाटेने गेला असता.

बुश, क्लचचे रिलीज बेअरिंग व सारी गास्केटे नवी घातली. जुन्या गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट आता निरुपयोगी झाला होता. मेस्त्रींनी तोच क्लचच्या तबकडीतून बुशात घालून तबकडी बरोबर मध्यावर आणली व मग क्लचचे बोल्ट आवळले. मेलेल्या यंत्राचाही असा उपयोग होतो. नवा डबा चढविताना शाफ्टाच्या खाचा तबकडीच्या खाचांत सहज शिरेनात. काकांनी बोल्टांनी ओढून घ्यावे असे सुचविले. मेस्त्रींनी त्यांचा हात धरला. गिअर घालून मागचे टोक हाताने किंचित फिरविताच डबा आपोआप सरकून बसला. जे हाताने बसत नाही ते पान्याने बसविले तर मोडते, असा त्यांचा नियम होता.

शेवटी दोन्ही डब्यांत स्वतंत्रपणे बुचाच्या काठापर्यंत तेल भरले. गिअरबॉक्ससाठी त्यांनी जी. एल. ४ दर्जाचे तेल आणविले. आसांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही तीव्र तेलांत गंधक व स्फुरद यांची संयुगे अधिक असतात, ती पितळी भागांना बाधक ठरू शकतात. चाके घोड्यांवर उचललेली असतानाच प्रत्येक गिअर घालून पाहिला, मग गाडी सपाटीवर चालविली. ती परत येताच सारे बोल्ट पुन्हा तपासले व दोन्ही बुचे पुन्हा उघडली. दोन्ही डब्यांतील तेल आपापल्या पातळीवर होते.

घाटातील परीक्षा

आठ दिवसांनी रिकाम्या गाडीने आम्ही पुन्हा चोर्ला घाटात गेलो. त्या वळणापाशी येण्यापूर्वी काकांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि वेग मुद्दामच कमी ठेवला. मी दांड्याकडे टक लावून बसलो होतो. वळण आले, इंजिनाने घोगरा आवाज काढला, गाडी आवरली गेली आणि दांडा जागचा हलला नाही. काका काही बोलले नाहीत. केरीला पोचल्यावर त्यांनी चहा मागविला, इतकेच.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक वही आहे. दर महिन्याला दोन्ही डब्यांचे तेल पाहावयाचे आणि तारखेसह पातळी लिहावयाची, हे काम माझ्याकडे आले. एका डब्यातील तेल वाढले व दुसऱ्यातील घटले, तर वही ते लगेच सांगते. पहिला गिअर काका आता गाडी पूर्ण थांबल्याशिवाय घालीत नाहीत. कोरड्या, कठीण रस्त्यावर पुढची चाके जोडून ठेवण्याची जुनी सवयही त्यांनी सोडली. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांना निरनिराळ्या लांबीचा मार्ग कापावा लागतो आणि हा फरक गिळण्याची सोय या ट्रान्सफर केसमध्ये नाही. चिखलात चाके घसरून तो फरक निघून जातो, डांबरी रस्त्यावर मात त्याचा ताण दात्यांवर बसतो.

मित्रहो, यंत्रे आपल्याशी खोटे बोलत नाहीत. काठोकाठ भरलेल्या मागच्या डब्यानेही आम्हांला खरेच सांगितले होते, आम्ही मात्र शेजारच्या डब्याला विचारले नाही. तुमच्यापैकी कोणी पुढे कारखान्यात जाईल, कोणी शेती करील, कोणी सायकल किंवा शिवणयंत्र दुरुस्त करील. एखादा भाग मोडला तर तो अवश्य बदला. परंतु नवा भाग हातात घेण्यापूर्वी जुना का मोडला हा प्रश्न विचारा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाना खाली ठेवा.

— एक माजी विद्यार्थी